इंजिन उघडण्यासाठीच बनवलेलं असतं

पुण्यात नाना पेठेत आमचं बोअरिंगचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्याने वाढवलं आणि तो गेल्यापासून मी चालवते. सिलिंडरला बोअर मारणं, होनिंग करणं, क्रँकला नवा रॉड बसवणं, हेडच्या व्हॉल्व्ह सीट कापणं ही आमची कामं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मेकॅनिक. तो इंजिन खोलतो, ब्लॉक आणून देतो, आम्ही माप घेऊन काम करतो आणि संध्याकाळी तो घेऊन जातो. अलीकडे मात्र मेकॅनिकऐवजी मालकच सगळं इंजिन पोत्यात घालून घेऊन येतात. कुणाचं गवत कापायचं यंत्र, कुणाचा जनरेटर, कुणाचा फवारणीचा पंप. आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं : "दुकानदार म्हणतो, हे आता दुरुस्त होत नाही, नवीन घ्या."

हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. दुरुस्त होत नाही असं नसून दुरुस्त करायची कुणाची तयारी नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. हा फरक लोकांना कळावा म्हणून लिहिते आहे.

पावसाळ्याआधी पुरंदरकडचे एक शेतकरी आले होते. अंजिराच्या बागेत चालवायचा पॉवर वीडर, त्याचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. धूर निळा, ताकद नाही, ऑइल रोज टाकावं लागतं. ज्या दुकानातून घेतलं तिथे त्यांना नव्या यंत्राचं कोटेशन हातात दिलं होतं. "ताई, तुम्ही एकदा बघा. नाहीच झालं तर देतो भंगारात," एवढंच ते म्हणाले.

हे इंजिन होंडाच्या जीएक्स मालिकेच्या धाटणीचं. जगभर या इंजिनाच्या इतक्या नकला निघाल्या आहेत की बाजारातल्या निम्म्याअधिक लहान यंत्रांवर तेच किंवा त्याचं भावंड बसवलेलं दिसतं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ५४, म्हणजे १९६ सीसी. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे सिलिंडर झिजून ६८.१६५ पर्यंत गेला तरी चालतो, त्यापुढे नाही. आमच्याकडच्या कारागीर काकांनी डायल गेज आत सोडला. खाली माप जवळजवळ मूळचं, वरच्या टोकाला ६८.१९. शिवाय एका अंगाला नखाला लागेल असा उभा ओरखडा.

सिलिंडर असाच झिजतो. पिस्टन वर पोचतो त्या जागी तो क्षणभर थांबतो, तिथे ऑइलचा थर सगळ्यात पातळ असतो आणि नेमक्या त्याच वेळी स्फोटाचा दाब रिंगच्या मागे जाऊन तिला भिंतीवर रेटत असतो. म्हणून झीज वरच्या टोकाला जास्त. रॉड तिरका असताना पिस्टन एका बाजूला जास्त दाबला जातो, म्हणून भोक गोल न राहता किंचित लंबगोल होतं. पण यंत्र एवढ्या लवकर इथवर यायला नको होतं. कारण शोधलं तर ते एअर फिल्टरमध्ये सापडलं. आतला फोम कुजून पडला होता आणि त्याच्या जागी फडकं बांधलं होतं. बागेतली बारीक माती हवेबरोबर आत जात होती आणि ऑइलात मिसळून सिलिंडर घासत होती. बाजारात तो फोम अगदी किरकोळ किमतीला मिळतो. दुकानदाराने नव्या यंत्राचं कोटेशन दिलं, पण फोम बदलायला सांगितलं नव्हतं.

अशा इंजिनात अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह ओतलेली असते. ती मुद्दाम जाड ठेवलेली असते, पुढे कापता यावी म्हणून. पिस्टनही ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर मोठे मिळतात. पाव मिलिमीटरमध्ये तो ओरखडा निघाला नसता, म्हणून काकांनी ०.५० चा पिस्टन मागवला, तो हातात आल्यावर मापला आणि मगच बोअर मारला. मग होनिंग. होनिंग करताना भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, रिंग बसायला मदत होते. त्यानंतरची पायरी पुष्कळ मेकॅनिक गाळतात, ती म्हणजे धुणं. पेट्रोलने किंवा रॉकेलने नव्हे, गरम पाण्याने आणि साबणाने, ब्रश घासून, पांढरं फडकं फिरवल्यावर ते पांढरंच राहीपर्यंत. होनिंगच्या दगडाची पूड पेट्रोलने नीट निघत नाही. ती आत राहिली तर नवा बोअर पहिल्याच महिन्यात जातो आणि मग लोक म्हणतात, बोअर मारलेलं इंजिन टिकत नाही.

रिंगांच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली, नवे गॅस्केट, नवा ऑइल सील, व्हॉल्व्ह घासले, फोम बदलला. सगळा खर्च नव्या इंजिनाच्या किमतीच्या साधारण चौथ्या हिश्श्यात बसला. ते यंत्र आता बागेत चालतं आहे.

यात चमत्कार काही नाही, अशी कामं आम्ही रोज करतो. हे इंजिन ज्यांनी आखलं त्यांनीच ते उघडावं, कापावं, पुन्हा बसवावं अशा हिशेबाने आखलेलं आहे. ओव्हरसाइज पिस्टन कारखान्यातूनच येतो. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं एव्ही-१ घ्या. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजिन. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, ऊस-रसाच्या चरकावर महाराष्ट्राने ते पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. त्याचा लायनर झिजला की जुना काढून नवा लायनर-पिस्टनचा सेट घालायचा, इंजिन पुन्हा पहिल्या मापावर. माणूस बदलतो, शेत वाटून जातं, इंजिन तेच राहतं.

हा वारसा आपल्याच भागाचा आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकातच देशी डिझेल इंजिन काढलं. किर्लोस्करांचा इंजिनाचा कारखाना १९४६ साली खडकीत उभा राहिला. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली, त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. वाहनांच्या संशोधनासाठी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. पण या कारखान्यांच्या जोडीला शहरात आणखी एक उद्योग वाढला, त्याचा उल्लेख कुठल्याच गौरवग्रंथात नीट होत नाही. तो म्हणजे नाना पेठेतली सुट्या भागांची दुकानं, रविवार पेठेत बोहरी आळीतला हार्डवेअरचा बाजार, मंगळवार पेठेत बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, आणि गल्लोगल्लीचे टर्नर, वेल्डर, गॅस्केट कापणारे, मॅग्नेटोची कॉइल गुंडाळून देणारे. चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे त्या काळात हाती आलेली स्कूटर कुणी टाकत नसे. ५७ मिलिमीटरचा बोअर, १४५ सीसी. आमच्या वर्कशॉपच्या जुन्या वहीत पानामागून पान त्याच आकड्याने भरलेलं आहे. एकाच गाडीचा नंबर पहिल्या ओव्हरसाइजला, मग दुसऱ्याला, मग स्लीव्हला असा पुन्हा पुन्हा दिसतो. त्या कामावर आमच्यासारखी कितीतरी घरं उभी राहिली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण जुन्या गाड्यांच्या प्रेमात ती विसरली जाते. टू-स्ट्रोक स्कूटर शहराच्या रस्त्यावरून गेल्या हे चांगलं झालं. त्या इंजिनात नवं मिश्रण आत येतं तेव्हा एक्झॉस्टचं पोर्टही उघडं असतं, त्यामुळे पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो. त्यात ऑइल मिसळलेलं, त्याचा धूर वेगळा. ज्यांनी आमचं घर चालवलं त्या गाड्यांबद्दल मला कृतज्ञता आहे. तरीही लक्ष्मी रस्त्यावर गर्दीच्या वेळी रोज त्या फिराव्यात असं मी म्हणणार नाही. कुणी हौसेने एखादी सांभाळून रविवारी काढत असेल तर तिचं काम आम्ही आनंदाने करतो. माझं म्हणणं आहे ते फोर-स्ट्रोक इंजिनांबद्दल : पंप, जनरेटर, वीडर, काँक्रीटचे व्हायब्रेटर, जुन्या पण नीट जळणाऱ्या मोटारसायकली. नीट बोअर केलेलं आणि कार्बोरेटर साफ केलेलं असं इंजिन धूर सोडत नाही. झिजलेलं सोडतं. म्हणजे धुराचा प्रश्न वयाचा कमी आणि देखभालीचा जास्त आहे.

आपलं धोरण मात्र वयावर चालतं. वाहनं मोडीत काढण्याचं धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ३०० रुपयांवरून १००० झालं, मोटारीचं ६०० वरून ५०००. धूर तपासा, ब्रेक तपासा, चेसिस तपासा, नापास झाली तर जरूर मोडा. पण तपासणीत पास होणाऱ्या गाडीकडून केवळ तिच्या जन्मतारखेसाठी तिप्पट-आठपट पैसे घेणं म्हणजे तिची काळजी घेणाऱ्या माणसाला दंड करणं आहे.

मोडीचं समर्थन करणारे म्हणतात, धातू वाया जात नाही, वितळून पुन्हा वापरात येतो. ते खरं आहे. भंगारातून अ‍ॅल्युमिनियम मिळवायला खनिजातून काढण्याच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. पण भट्टीत फक्त धातू वाचतो. क्रँक मायक्रॉनमध्ये ग्राइंड केलेला असतो, कॅमला कठीणपणा दिलेला असतो, ब्लॉकमधली भोकं एकमेकांशी काटकोनात बसवलेली असतात. त्या सगळ्या कामावर खर्च झालेली वीज आणि कुणाचे तरी हात त्याच भट्टीत जातात. सिलिंडरची भिंत अर्ध्या मिलिमीटरने खराब झाली म्हणून सगळं इंजिन वितळवणं हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

मग दुरुस्ती का होत नाही? मजुरी महाग झाली हे एक कारण सांगतात. मजुरी वाढली आहे आणि ती वाढायलाच हवी होती. खरी अडचण सुट्या भागांची आहे. नाव असलेल्या कंपनीच्या इंजिनाचा पिस्टन वीस वर्षांनीही मिळतो. पण आज अनेक यंत्रं आयात करून, आपल्या नावाचा स्टिकर लावून विकली जातात आणि दोन-तीन हंगामांत ते नावच बाजारातून नाहीसं होतं. इंजिन जीएक्सच्या मापाचं असेल तर आम्ही वाचवतो. नसेल तर एका कार्बोरेटरच्या गॅस्केटपायी सगळं यंत्र पडून राहतं. पाठीवरच्या फवारणी पंपाच्या आणि ब्रश कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांत कित्येकदा सिलिंडरला आतून क्रोमसारखा कठीण मुलामा असतो. त्याला आमच्या यंत्रावर बोअर मारता येत नाही, सिलिंडर-पिस्टनचा संचच बदलावा लागतो. तो संच मिळत नसेल तर आम्हीही हात जोडतो. तेव्हा "दुरुस्त होत नाही" हे वाक्य खरं ठरतं, आणि ते खरं ठरावं अशी व्यवस्था विकणाऱ्यानेच करून ठेवलेली असते.

मोटारींच्या बाबतीत हा विषय आपल्याकडे निकालापर्यंत गेलेला आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तत्त्व मांडलं गेलं : विकत घेतलेली वस्तू कुठे दुरुस्त करायची हे मालक ठरवेल. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, वाहनंही होती. डिसेंबरमध्ये संकेतस्थळही आलं. त्यानंतर मे २०२५ मध्ये वस्तू किती दुरुस्त करण्याजोगी आहे त्याचा निर्देशांक ठरवणारा अहवाल आला, तोवर गाडी मोबाइल आणि टॅब्लेटवर येऊन थांबली होती. शेतकऱ्याचं इंजिन मागे पडलं.

केंद्राच्या हाती नसलेली, राज्य सरकारला उद्या करता येईल अशी एक गोष्ट आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत वीडर, फवारणी यंत्र यांवर महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान मिळतं. जनतेचा पैसा ज्या यंत्रावर खर्च होतो त्या यंत्राचे सुटे भाग निदान दहा वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील, दुरुस्तीचं पुस्तक मराठीत मिळेल, ही अट घाला. जी कंपनी ती पाळणार नाही तिचं यंत्र यादीतून काढा. आणि त्याच योजनेत दुरुस्तीलाही थोडा हात द्या. आज शेतकऱ्याला नव्या यंत्रासाठी मदत मिळते, जुनं बोअर करून घ्यायला काहीच मिळत नाही. साहजिकच तो नव्याच्या मागे जातो.

कराचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याचं स्वागत आहे. पण दुरुस्तीची मजुरी १८ टक्क्यांतच आहे. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, बूट आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला होता. एवढ्या श्रीमंत देशाला दुरुस्तीला उत्तेजन द्यावंसं वाटलं, आपल्याला तर ते कधीच वाटायला हवं होतं.

इथेनॉलबद्दल बोलायलाच हवं, कारण सध्या आमच्याकडे येणाऱ्या कार्बोरेटरच्या कामात त्याचा वाटा वाढतो आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्या राज्यातली मी, इथेनॉलच्या विरोधात नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. जुन्या वाहनांत काही रबरी भाग आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं. मग ते बदलायचे भाग कुठे आहेत? पाइप, ओ-रिंग, डायफ्राम, फ्लोटची सुई एवढ्याचं किट प्रत्येक तालुक्याला स्वस्तात पोचवणं अवघड नाही. जनरेटर आणि वीडरला तर किलोमीटरच नसतात. ते महिनोन्‌महिने बंद उभे राहतात आणि त्यांच्या पोटात तेच पेट्रोल पडून राहतं.

सगळ्यात जास्त काळजी मला माणसांची वाटते. काकांचे हात अजून पक्के आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी टिकत नाही. आयटीआयमधून टर्नर, फिटर, डिझेल मेकॅनिक होऊन मुलं बाहेर पडतात आणि चाकणला कंत्राटी कामावर जातात. तिथे एकच बोल्ट एकाच टॉर्कने दिवसभर आवळायचा असतो. पण पगार वेळेवर मिळतो, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांचं मात्र मला वाईट वाटतं. बहुतेक प्रयोगशाळांत किर्लोस्करचं एका सिलिंडरचं इंजिन टेस्ट रिगवर असतं. मुलं त्यावर रीडिंग घेतात, आलेख काढतात, जर्नल भरतात आणि त्या इंजिनाचं हेड एकदाही न उघडता पदवी घेतात. एका सत्रात एकदा तरी ते इंजिन त्यांना खोलू द्या, बोअर मोजू द्या, पुन्हा बांधून चालू करू द्या. आमच्याकडे अशी मुलं आली तर काका त्यांना पैसे न घेता शिकवतील, ते त्यांनी मला सांगून ठेवलं आहे.

आता वाचकांसाठी. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या तळघरात, मंगल कार्यालयांच्या मागच्या खोलीत आणि दुकानांच्या पोटमाळ्यावर भारनियमनाच्या वर्षांत घेतलेले छोटे पेट्रोल जनरेटर पडून आहेत. २००६ मध्ये कारखान्यांच्या जनरेटरच्या बळावर पुणं भारनियमनातून बाहेर काढण्याची योजना झाली. हळूहळू हे लहान जनरेटर कोपऱ्यात गेले. ते चालू होत नाहीत म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. बहुतेकांच्या बोअरला काहीही झालेलं नसतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेटमध्ये डिंकासारखा थर बसलेला असतो, एवढंच. टाकीतलं जुनं पेट्रोल बाहेर काढा, फ्लोटचा वाडगा खोलून जेट साफ करून घ्या, प्लग बदला, ऑइल बदला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून, प्लग पुन्हा लावून दोरी हळूहळू ओढून पाहा. पिस्टन हलला आणि दोरीला दाब लागला, तर ते इंजिन जिवंत आहे. दाब लागला नाही, तर जवळच्या बोअरिंगवाल्याकडे न्या आणि माप घ्यायला सांगा. तो माप सांगेल तेव्हा कागदावर लिहून घ्या, आणि मगच ठरवा.